ओवासिपीच्या काठी

शिकागोतल्या मराठी घरांमधले उन्हाळ्याचे बेत ठरलेले असतात. भारतवारी, नाहीतर भारतातून आलेल्या आईवडिलांना नायगारा. आमच्या घरात तिसरी गोष्ट शिरली ती लेकीमुळे. ती स्काऊट झाली, आणि ‘ट्रूपबरोबर दोन मोठी माणसं हवीतच’ या नियमापायी मीही मिशिगनमधल्या ओवासिपीला जाऊ लागले.

ओवासिपी हा शिकागोच्या स्काऊटांचा कॅम्प. १९११ पासूनचा. अमेरिकेत सलग चालत आलेला सगळ्यात जुना स्काऊट कॅम्प आमचाच, असं तिथली मंडळी सांगतात आणि सांगताना किंचित ताठ होतात. साडेचार हजार एकरांहून जास्त जागा, तीत ओक आणि पाइन, पायाखाली वाळू, आणि मधूनमधून हिमयुगानं मागे ठेवलेली तळी. माझी स्काऊटविद्या म्हणजे शाळेत गळ्यात अडकवलेला स्कार्फ, डाव्या हातानं केलेलं हस्तांदोलन आणि ‘खरी कमाई’च्या नावाखाली शेजारच्या काकूंच्या अंगणातलं गवत उपटून मिळवलेले दोन रुपये. तेवढ्या भांडवलावर मी गेले. पुढचं तिथे कळत गेलं. बरंचसं उशिरा, आणि क्रमानं तर मुळीच नाही.

१. मी ज्याला आदिम अरण्य समजून भारावून बघत होते, ते माझ्या पणजीच्या वयाचं निघालं. या भागात एके काळी व्हाइट पाइनची प्रचंड झाडं होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ सगळी तोडली गेली. ओंडके व्हाइट नदीतून खाली सोडायचे, व्हाइटहॉल आणि माँटेग्यूच्या गिरण्यांत कापायचे आणि जहाजांत भरून मिशिगन सरोवरापलीकडे धाडायचे. पलीकडे शिकागो. १८७१च्या आगीत ते शहर जळालं आणि पुन्हा उभं राहायला त्याला लाकूड हवं होतं. ते मिशिगननं पुरवलं. शतक संपेपर्यंत इथे उरले बुंधे आणि वाळू. त्या वाळूत शेती धड पिकेना, म्हणून अशा जमिनी कवडीमोलानं निघाल्या, आणि म्हणूनच फारसे पैसे नसलेल्या लोकांनाही मुलांसाठी तळ्याकाठी जागा घेणं परवडू शकलं. शिकागोनं आधी इथली झाडं नेली आणि मग आपली पोरं पाठवली. हे कळल्यावर पहिल्यांदा थोडं फसवल्यासारखं वाटलं. आता उलट होतं. एखाद्या पाइनखाली तंबू ठोकताना वाटतं, बाई, तुझंही इथे नव्यानंच बस्तान बसलंय.

२. जुन्या काळी पोचणं हाच अर्धा कॅम्प होता. सुरुवातीची पोरं शिकागोच्या धक्क्यावरून आगबोटीत बसत आणि सरोवर ओलांडून येत. आम्ही मोटारीनं सरोवराला खालून वळसा घालतो. इंडियानातल्या पोलाद कारखान्यांची धुरांडी, मग मिशिगनची हद्द, तिथे घड्याळ एक तास पुढे, आणि मागच्या सीटवरून ‘आणखी किती वेळ?’ त्या बोटीवरल्या पोरांनी हा प्रश्न विचारला असेल असं मला वाटत नाही. त्यातल्या कित्येकांनी काठ न दिसणारं पाणी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

३. ही सगळी चळवळ गुणी मुलांसाठी जन्मली असेल, हा माझा समज होता. मराठी मध्यमवर्गीय आईचा तो स्वाभाविकच असतो. खाकी, बॅज, सलामी, म्हणजे वर्गातली हुशार आणि नीटनेटकी मुलं. मग कॅम्पवरच्या एका पावसाळी दुपारी, करायला काही नव्हतं म्हणून, मी अर्नेस्ट थॉम्पसन सीटनबद्दल वाचलं.

सीटन हा इंग्लंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला चित्रकार आणि प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा माणूस. पैसे आल्यावर त्यानं कनेटिकटमध्ये कॉस कॉब इथे जागा घेतली, ओढ्याला बांध घालून तळं केलं, भोवती कुंपण घातलं. गावच्या पोरांचा वावर त्या रानात आधीपासूनचा. त्यांनी कुंपण मोडलं, प्राण्यांवर गोळ्या झाडल्या, फाटकावर नको ती चित्रं रंगवली. सीटन फाटक रंगवी, पोरं पुन्हा चितारत. शेवटी १९०२ साली तो गावच्या शाळेत गेला आणि तक्रार करायच्या ऐवजी पोरांना राहायला बोलावून आला. तळ्याकाठी मुक्काम, पोहणं, होड्या, पोटभर जेवण. बोलावली होती त्याहून कितीतरी जास्त पोरं आली. जेवून, दमून, शेकोटीभोवती बसल्यावर त्यानं त्यांना गोष्टी सांगितल्या आणि मग म्हणाला, तुमचा प्रमुख तुम्हीच निवडा. त्यांनी सगळ्यात दांडगट पोरगा निवडला. सीटननं त्याला जबाबदारी दिली.

गोष्ट सीटननंच सांगितलेली आहे, तेव्हा तीत त्याच्या हातचा मीठमसाला असणारच. पण त्यानंतर त्यानं मुलांच्या टोळ्या बांधल्या, त्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं, आणि १९०६ साली ते स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याच्या हाती पडलं. दुसऱ्या वर्षी बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर आपला पहिला प्रयोग केला. १९१० साली अमेरिकेत संस्था स्थापन झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये लेक जॉर्जच्या काठी सिल्व्हर बे इथे सीटनच्या देखरेखीखाली तिचा पहिला प्रायोगिक कॅम्प भरला. पुन्हा तळंच. पाच वर्षांनी, १९१५ साली सीटन संस्थेबाहेर. एक तर तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, आणि कार्यालय चालवणाऱ्यांशी त्याचं जमतही नव्हतं. ज्यानं दांडगट पोरांना जवळ केलं त्याला शिस्तीच्या मोठ्या माणसांशी जुळवून घेता आलं नाही, यात मला फार नवल वाटत नाही.

आमच्या ट्रूपमध्ये एक मुलगी आहे. उलट उत्तरं देणारी, भांडी घासायच्या वेळी नेमकी गायब होणारी. माझ्या लेकीनं तिच्याशी मैत्री करू नये असं मला वाटायचं. मुलींनी तिला पट्रोल लीडर, म्हणजे तुकडीची प्रमुख, निवडलं. आता भांड्यांच्या वेळी ती इतरांना गायब होऊ देत नाही.

४. शेकोटीच्या गोष्टी मुलांसाठी असतात हे खरं नाही. ओवासिपी हे नाव ज्याच्यावरून आलं त्या इथल्या मूळनिवासी प्रमुखाची गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यानं आपल्या दोन मुलांना होडीतून दूरच्या कामगिरीवर धाडलं. ती परत आली नाहीत. तो झाडाखाली बसून वाट बघत राहिला आणि तिथेच गेला. पुष्कळ वर्षांनी नदीकाठच्या मातीत दबलेली एक होडी सापडली, आत दोन सांगाडे. अशी ती कथा.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेजारच्या मुली मार्शमेलो जाळण्यात रमल्या होत्या आणि मी मात्र साताऱ्याच्या घराच्या ओसरीवर जाऊन पोचले होते. वडील फोनवर कधी ‘ये’ म्हणत नाहीत. ‘तिकडे थंडी पडली का’ विचारतात. परदेशी राहणाऱ्या माणसांना अशी गोष्ट आजूबाजूच्यांपेक्षा वेगळ्या जागी लागते.

पण पुढच्या वर्षी तीच गोष्ट ऐकताना दुसरंच काही टोचलं. ही गोष्ट सांगतंय कोण? शिकागोहून आलेली माणसं, ज्यांची ही भूमी होती त्यांच्याबद्दल. आणि गोष्टीत ते लोक कसे, तर दुःख करून, वाट बघून, सोयीस्करपणे संपून जाणारे. प्रत्यक्षात इथल्या ओडावा लोकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना १८३६च्या करारात अफाट जमिनीवर पाणी सोडणं भाग पडलं, आणि तरीही ते संपले नाहीत. उत्तरेला मॅनिस्टीजवळ ओडावांच्या लिटल रिव्हर बँडचे लोक आहेत. १९९४ साली केंद्र सरकारनं त्यांना पुन्हा मान्यता दिली. कॅम्पच्या एका भागाचं नाव ब्लॅकहॉक. तो सॉक लोकांचा नेता, १८३२ साली इलिनॉयमधली आपली जमीन परत घ्यायला निघाला, त्याच्यावर सैन्य घातलं गेलं. आणि आता त्याच्या नावाच्या मैदानात पोरं धनुष्यबाण शिकतात. यात काय करावं, माझ्याकडे उत्तर नाही. नाव पुसलं तर आठवणही पुसली जाईल आणि ठेवलं तर ती खेळण्यासारखी वापरली जाईल. लेक म्हणाली, “आई, मग शेकोटीत ती १९९४ची गोष्ट पण सांगायची ना.” मी सांगून पाहिली. माझ्यात नाट्य कमी पडलं, मुली पेंगल्या. पण एकीनं सकाळी नकाशावर मॅनिस्टी कुठे ते विचारलं.

५. तळ्यावरची सगळ्यात गंभीर वस्तू म्हणजे एक लाकडी फळा आणि त्याला टांगलेले गोल बिल्ले.

पहिल्या दिवशी प्रत्येकाची पोहण्याची परीक्षा. डोक्यावर पाणी असेल अशा ठिकाणी पाय खाली करून उडी, पंचाहत्तर यार्ड जोरकस पोहायचं, पंचवीस यार्ड पाठीवर सावकाश, आणि शेवटी हातपाय न हलवता तरंगायचं. मोठ्यांनाही सुटका नाही. कृष्णेकाठी वाढल्याचा मला अभिमान; पण कृष्णेनं मला शंभर यार्ड मोजून पोहायला कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेप्रमाणे बिल्ल्याचा रंग ठरतो आणि बिल्ल्याप्रमाणे तळ्यातला हिस्सा. पाण्यात एकटं कोणीच उतरत नाही. जोडीदार लागतो, दोघींचे बिल्ले फळ्यावर एकाच खिळ्याला. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजते, जोडीदार एकमेकींचा हात धरून वर करतात, काठावरची पोरं मोजतात, आकडा फळ्याशी जुळवतात. जुळला की दुसरी शिट्टी, की पुन्हा दंगा.

बाहेर पडताना बिल्ला काढून न्यायचा. एखादा बिल्ला खिळ्यावर राहिला आणि त्याची धनीण दिसेना, तर सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि मोठी मुलं हात धरून साखळी करून तळ्याचा तळ पायांनी चाचपत चालू लागतात. मी हे एकदाच पाहिलं. मुलगी आपल्या तंबूत चिप्स खात बसली होती. पण ती सापडेपर्यंत त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे चेहरे पाहिले. घरी ज्यांना आपण अंथरुणाची घडी घालत नाही म्हणून रागावतो, त्या वयाची ती पोरं. कॅम्पचा इतिहास शोधायला मी भिंतीवरचे जुने फोटो धुंडाळत होते. त्या साखळीचा कुणी फोटो काढत नाही.

६. माझ्याशिवाय सगळं चालतं, हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बेडन-पॉवेलनं घालून दिलेली रीत अशी की, सहा-आठ मुलांची तुकडी, तिचा नेता तिच्यातलाच, आणि मोठ्यांनी लांब उभं राहायचं. लांब म्हणजे खरोखर लांब. ताटं मुली मांडणार, उचलणार, पुसणार. चूल त्याच पेटवणार. पावसात तंबूची दोरी सुटली तर मध्यरात्री त्याच उठणार. मी भाजणी बरोबर नेली होती. थालीपिठं लावीन म्हटलं, तर आमच्या प्रमुख बाईंनी प्रेमानं माझ्या हातून परात काढून घेतली आणि मुलींकडे दिली. पहिली थालीपिठं आतून कच्ची, कडेनं कोळसा. तिखट विसरल्या, मीठ दोनदा पडलं. एकही उरलं नाही. मी खिशात हात घालून उभी होते आणि माझ्या बोटांना अक्षरशः खाज सुटली होती.

७. आणि मग मौन. ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ नावाचं एक मंडळ स्काऊटांत आहे. अर्नर गुडमन या तरुणानं सहकाऱ्यासह ते १९१५ साली डेलावेअर नदीतल्या एका बेटावरच्या कॅम्पवर सुरू केलं. हा गुडमन पुढे, १९२७ साली, शिकागोच्या स्काऊटांचा प्रमुख कार्यवाह होऊन आला, त्यामुळे ओवासिपीत त्याचं नाव घरच्यासारखं घेतात. मंडळात यायचं तर रात्री उघड्यावर एकट्यानं झोपायचं, दुसरा दिवसभर कष्ट करायचे, बेतानं खायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मोठ्यांनाही हे करता येतं. माझं नाव निघालं तेव्हा नवऱ्यानं जो चेहरा केला तो मी अजून माफ केलेला नाही.

जमलं, बाई! दिवसभर पायवाटेवरचा पाला ओढला. न बोलण्यानं काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. इतकंच लक्षात आलं की मी कामापेक्षा कामाच्या सूचना जास्त देते.

८. कडू गोष्ट टाळून या संस्थेवर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. २०२० साली अमेरिकेच्या स्काऊट संस्थेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बालपणी कॅम्पवर, ट्रूपमध्ये, ज्यांच्यावर विश्वास टाकला त्याच मोठ्या माणसांकडून लैंगिक अत्याचार झाला, असं सांगणारे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले. भरपाईची योजना अडीच अब्ज डॉलरच्या घरातली. त्यात आपला वाटा भरायला देशभरच्या अनेक कौन्सिलांनी, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखांनी, आपापले कॅम्प विकायला काढले.

‘दोन मोठी माणसं हवीतच’ हा नियम म्हणजे गाडी चालवायला हात कमी पडू नयेत म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. कुठल्याही मोठ्या माणसानं कुठल्याही मुलाबरोबर एकटं असू नये, हा त्याचा अर्थ. मला दर काही काळानं त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पहिल्यांदा ते करताना अपमान वाटला, आपल्यावर संशय घेतल्यासारखा. मग ते ८२ हजार आठवले. त्यातल्या प्रत्येकाच्या आईनं पिशवी भरून दिली असेल, मच्छरांचं मलम आठवणीनं घातलं असेल. तेव्हापासून आमच्यापैकी एक बाई औषधाची पेटी आणायला निघाली की दुसरी आपोआप उठते. कुणी कुणाला काही म्हणत नाही.

९. मुली ‘आता’ आल्या, असं सगळे म्हणतात. २०१९ साली मुलींचे स्वतंत्र ट्रूप सुरू झाले, २०२५ साली संस्थेनं नावातलं ‘बॉय’ गाळलं. बायकांना स्काऊटमास्टर व्हायची परवानगीसुद्धा १९८८ सालापर्यंत नव्हती. पण छोट्या पोरांच्या गटांचा भार त्याच्या कितीतरी आधीपासून आयाच वाहत होत्या. आम्हा भारतीयांना या सगळ्या गोंधळाचं कौतुक वाटत नाही, कारण आपल्याकडे १९५० च्या सुमारासच स्काऊट आणि गाईड एका छत्राखाली आले. आणि पुण्यात तर १९६६ पासून जगभरच्या गर्ल गाईडचं ‘संगम’ केंद्र उभं आहे, त्याचं उद्घाटन खुद्द बेडन-पॉवेलच्या पत्नी ओलेव्ह यांनी केलं होतं. हे मी आमच्या ट्रूपमध्ये सांगितलं तर एका अमेरिकन आईनं विचारलं, “मग तू कधी गेली होतीस तिथे?” कॉलेजला असताना रोज त्या बाजूनं बस जायची. आत कधी गेले नाही. परदेशी पाहुण्यांसाठी असेल म्हणून.

१०. कागदावर मालक कोण आणि जागा कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सातबाऱ्यावरून भाऊबंदकी बघत वाढलेल्या माणसाला हे नवं नसावं. मला तरी ते मिशिगनमध्ये नव्यानं कळलं.

२००० नंतरच्या दशकात शिकागोच्या कौन्सिलनं ओवासिपी विकायचं ठरवलं. मुलं कमी झाली होती, खर्च वाढले होते, आणि इतकी मोठी जागा मूठभर उन्हाळी आठवड्यांसाठी सांभाळायची कशाला, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. एका विकासकाशी सौदा ठरला, १ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास. घरं बांधायची तर जमिनीचा वापर बदलून घ्यायला हवा. तो अधिकार ब्लू लेक टाउनशिपचा, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीचा. टाउनशिपनं नाही म्हटलं. कौन्सिल न्यायालयात गेलं. तिथे हरलं, वरच्या न्यायालयात पुन्हा हरलं. जुने स्काऊट, तिथे उमेदवारी केलेली माणसं, त्यांच्या बायका, सगळे मालकाच्या विरोधात उभे. सभा, पत्रकं, पैसे गोळा करणं, आपणच विकत घेऊ म्हणून पुढे येणं. आणि गंमत म्हणजे, भांडण चालू असतानाही तीच माणसं दर उन्हाळ्यात येऊन त्याच मालकाचं छप्पर शाकारत होती.

मला या गोष्टीतले नायक सोपे हवे होते. पण टाउनशिपच्या लोकांना काही शिकागोच्या पोरांचं प्रेम उतू गेलं नव्हतं. त्यांना रस्त्यांवर गर्दी नको होती, विहिरींच्या पाण्याची काळजी होती, आणि आहे तसं शांत गाव हवं होतं. आणि कौन्सिलमध्येही कुणी राक्षस नव्हते; शहरातल्या गरीब वस्त्यांत स्काऊटिंग चालवायला त्यांना पैसा हवा होता, असं ते म्हणत, आणि ते खोटं असेल असं मला वाटत नाही. एका बाजूला पोरांसाठी जागा विका म्हणणारे, दुसऱ्या बाजूला पोरांसाठी जागा राखा म्हणणारे. मी त्या वेळी इथे असते तर दुसऱ्या बाजूला गेले असते, हे नक्की. पण पहिल्या बाजूचे लोक वेगळ्या मातीचे आहेत, असं म्हणायचं धाडस आता होत नाही.

११. निळं फुलपाखरू नखाएवढं असतं. कार्नर ब्लू. १९४० च्या दशकात त्याला वेगळी ओळख आणि शास्त्रीय नाव दिलं ते व्लादिमीर नाबोकोव्हनं, तोच कादंबरीकार. १९९२ पासून अमेरिकेत ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि ओवासिपीच्या वाळूत ते अजून दिसतं. त्याच्या अळ्या फक्त रानटी ल्युपिनची पानं खातात. ल्युपिनला मोकळी, उन्हाची, वाळूची जागा लागते. झाडी दाट झाली की ल्युपिन जातं आणि मागोमाग फुलपाखरू. पूर्वी वणवे जागा मोकळी ठेवत. आता कुणीतरी जाळायला, कापायला, तुडवायला लागतं. जंगलाला हात लावू नका, असं मुलींना बजावत फिरणारी मी, हे ऐकून जरा गप्प झाले. गप्पपणाची सवय एव्हाना झालेलीच होती.

१२. जुन्या माणसांकडे इतिहास विचारू नये, काम मागावं. सरळ विचारलं की ते साल सांगतात, पदं सांगतात, तेच ते. काम करता करता मात्र सुटतात. कॅम्पवर वसंतात एक मंडळी येते, बहुतेक सत्तरीपुढची. पोरवयात इथे आलेली, मग इथेच उन्हाळी नोकरी केलेली, मग मुलांना घेऊन आलेली. आता कंबरेचे पट्टे बांधून येतात. तळी हिवाळ्यात गोठतात, बर्फ लाकडी धक्का चिरडून टाकतो, म्हणून दर शरदात धक्के सुटे करून काठावर ओढायचे आणि दर वसंतात पुन्हा पाण्यात उतरवायचे. शंभर वर्षांहून जास्त काळ कुणी ना कुणी हे करत आलंय. मे महिन्याचं ते पाणी! पायात रबरी बूट असूनही गुडघे ओरडतात.

त्यातले एक आजोबा माझे मुकादम. त्यांना माझं नाव म्हणता येत नाही, मला त्यांचे विनोद कळत नाहीत, आमचं छान जमतं. फळ्या जोडताना त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील बोटीनं आले होते, आणि घराची आठवण येऊन इतके रडले होते की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं. “मग?” “मग काय, पुढे सहा उन्हाळे तो बटाटेच सोलत होता. पगार घेऊन.” ते हसले, मी पाना पुढे केला.

यंदा लेकीनं तळ्यावर, शिट्टीवाल्यांत, नोकरीसाठी अर्ज केलाय. तिला घेतलं तर तिच्याबरोबर मी नसेन; कामाला लागलेल्या मुलांबरोबर आया नसतात. हे मी आजोबांना सांगितलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि ब्रश हातात दिला. स्वच्छतागृहाचं दार रंगवायचं होतं. रंग कोणता म्हणून विचारलं तर त्यांनी डबा उघडून दाखवला. तपकिरी. इथलं दार, बाक, पाट्या, होड्यांचं छप्पर, सगळं त्याच रंगाचं.

“दुसरा रंग कधी लावून नाही पाहिलात?”

“एकदा लावला होता,” ते म्हणाले, “हिरवा. पुढचं वर्षभर दार कुणाला सापडेना.”